हिरवं की लाल?

४ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं वर्षाकाठचं पत्र यायला अजून अवकाश आहे, पण माझं काम थांबणारं नाही, म्हणून मीच लिहिते. घरी सगळं ठीक आहे. तुमच्या दादांचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया चांगली झाली, आणि आता महिनाभर ते व्यायामासाठी रुग्णालयातच राहणार आहेत. तिथे व्यायाम घेणाऱ्या बाईंनाच ते व्यायाम शिकवतात असं कळतं. म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

काम असं. छपरावरच्या छत्रीला जोडलेला, कार्यक्रम साठवून ठेवणारा आपला काळा रेकॉर्डर तुम्हाला आठवत असेल. कंपनीनं कळवलं आहे की एप्रिलअखेर जुन्या यंत्रांची सेवा बंद. त्यानंतर तो सुरूच होणार नाही. आत साठवलेलंही उघडणार नाही, कारण त्याचं कुलूप कंपनीच्या कार्डाशी बांधलेलं आहे. मी कंपनीच्या दुकानात जाऊन आले. तिथला पोरगेला माणूस म्हणाला, "काकू, नवीन घ्या." मी म्हटलं, "नवीन घेईन, आतलं कुठून आणू?" तो म्हणाला, "आतलं विसरा." यावर मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही, पण उपयोग झाला नाही.

हौशी लोक अशा यंत्रांसाठी स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर तयार करतात, आणि ते भरलं की यंत्र कंपनीच्या मुठीतून सुटतं, असं वाचलं. तुमचा जन्म टीव्ही दुरुस्तीत गेला. यांनीच सांगितलं, "धाकट्याला विचार."

शेजाऱ्यांकडे फोन करू नका, आपल्या घरचा काढून टाकला आहे. मी बत्तीस वर्षं टेलिफोन केंद्रात पर्यवेक्षक होते. फोनवर माणसं किती लक्ष देऊन ऐकतात ते मला ठाऊक आहे. शिवाय तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि ते तुम्ही कबूल करत नाही. जे सांगायचं ते लेखी सांगा. यंत्रापुढे कागद धरता येतो, आवाज धरता येत नाही.

हे घरी येण्याआधी काम झालेलं बरं.

तुमची वहिनी


९ मार्च

तीर्थरूप वहिनींस साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या सहाच अंगांनी).

तुमचं पत्र तीनदा वाचलं. गुडघ्याचं एकदा, रेकॉर्डरचं एकदा, आणि "धाकट्याला विचार" हे एकदा. दादा खरंच असं म्हणाला? कसं म्हणाला? कपाळाला आठी घालून, की नुसतं? बझरच्या त्या प्रकरणाला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यानं माझं नाव उच्चारल्याचं माझ्या तरी कानावर नाही. (उजव्या कानावरही नाही.) बोलावल्याशिवाय मी यायचा नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण विचारलं तर सांगणार नाही, असा मी कधीच नव्हतो.

आता कामाचं. प्रत्येक यंत्राला मेंदू असतो. कंपनी त्याला पढवून पाठवते : मला विचारल्याशिवाय हलायचं नाही. आपण तो धडा पुसायचा आणि हौशी लोकांनी लिहिलेला दुसरा धडा भरायचा. होण्यासारखं आहे. पण भरताना मध्येच वीज गेली, किंवा दुसऱ्याच मॉडेलचा धडा भरला, तर यंत्राची वीट होते. आमच्या धंद्यात खरोखर वीटच म्हणतात. पुढे ती दाराला अडकण म्हणून चांगली चालते.

तेव्हा घाई नको. रेकॉर्डर उलटा करून खालच्या चिकटपट्टीवरचा मॉडेलचा आकडा अक्षरांसकट कळवा. पाठीमागे पेनड्राइव्ह घालायची खाच आहे का तेही बघा. आणि आत असं काय आहे, की ज्यासाठी तुम्ही त्या दुकानदाराला वाईट बोललात?

दादाला नमस्कार सांगा. नको, राहू दे. तुम्हाला वाटलं तर सांगा.

तुमचा भाऊजी

ता. क. काल एक गृहस्थ रिमोट घेऊन आले. चालत नाही म्हणाले. उघडून बघतो तर आत सेलच नाहीत. म्हणाले, "बायकोनं काढून घेतलेत." मी म्हटलं, "मग हा रिमोटचा बिघाड नाही. दुरुस्तीला मला तुमच्या घरी यावं लागेल."


१५ मार्च

प्रिय भाऊजी,

मॉडेलचा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून सोबत जोडला आहे. शून्य आणि ओ यांत गोंधळ होऊ नये म्हणून शून्याच्या पोटात रेघ मारली आहे. पाठीमागे खाच आहे. तिच्यात धूळ होती, ती काढली.

हे सगळं कायद्यात बसतं ना? यंत्र आम्ही विकत घेतलेलं आहे, भाड्याचं नाही. कार्यक्रमही वर्गणी भरून, घरी बसून पाहण्यासाठी साठवलेले आहेत. मी कुणाचं काही चोरत नाही आणि चोरणारही नाही. तुमच्याकडून स्पष्ट "हो" आल्याशिवाय मी पेचकस हातात धरणार नाही.

आत काय आहे, तर यांचे नेहमीचे कार्यक्रम. पूल कसे बांधतात, जहाजं कशी फुटतात, बोगदे कसे खणतात. आणि काही किरकोळ.

यांनी "धाकट्याला विचार" कसं म्हटलं ते आता आठवत नाही. नेहमीच्याच आवाजात म्हटलं असेल.

तुमची वहिनी

ता. क. विनोद वाचला. सेल काढून घेण्याचा उपाय मला लग्नानंतर लगेच सुचायला हवा होता.


२२ मार्च

तीर्थरूप वहिनींस नमस्कार (आठव्या अंगासह, कंबर सुटली).

हो. यंत्र तुमचं, वर्गणी तुमची, हमी केव्हाच संपलेली. पेचकस धरा.

मेंदू सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. तुमच्याच मॉडेलचा आहे, शून्यांची पोटं मोजून घेतली. आता लक्ष देऊन ऐका, म्हणजे वाचा.

सकाळी करा, त्या वेळी वीज जायची शक्यता कमी. रेकॉर्डरचं मुख्य बटण बंद करा. पेनड्राइव्ह खाचेत घाला. पुढच्या बाजूची गोल कळ बोटानं दाबून धरा आणि धरलेली असतानाच मुख्य बटण सुरू करा. दिवे लुकलुकायला लागले की कळ सोडा. मग पडद्यावर तो इंग्रजीत काही ना काही विचारत राहील. जे जे विचारेल त्याला रिमोटवरचं हिरवं बटण. हिरवं म्हणजे हो. मध्ये एक निळी पट्टी सरकत जाईल, ती पुरी होईपर्यंत कुणीही, अगदी कुणीही, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही.

एवढंच. टेलिफोन केंद्र चालवलेल्या बाईला हे म्हणजे डाव्या हाताचा मळ.

दादा घरी आल्यावर त्याला आयतंच सगळं चालू दिसेल. मी केलं म्हणून सांगू नका. किंवा सांगा. पण आधी त्याला जहाजं बघू देत, मग सांगा.

तुमचा भाऊजी

ता. क. पाकीट बंद करता करता आठवलं. हे सगळं करण्याआधी रेकॉर्डरच्या खालचे चार स्क्रू काढून आतली डिस्क बाहेर काढून ठेवा. नवा मेंदू शेवटी विचारतो, "डिस्क तयार करू का?" त्याच्या भाषेत तयार करणं म्हणजे धुऊन कोरी करणं. हो म्हटलंत तर साठवलेलं सगळं गेलं!


२८ मार्च

भाऊजी,

तुमच्या सूचनेबरहुकूम सगळं केलं. सकाळची वेळ धरली. घरातले पंखे आणि फ्रिज बंद केले. कळ धरली, दिवे लुकलुकले, कळ सोडली. पडद्यावर प्रश्न आले. भाषा कोणती? हिरवं. घड्याळ लावू का? हिरवं. वाहिन्या शोधू का? हिरवं. मग निळी पट्टी मुंगीच्या पावलानं निघाली. आता आपलं काम झालं असं समजून मी चहा केला आणि तुमचा ता. क. वाचायला काढला.

वीस वर्षं तुमच्या ता. क.मध्ये विनोदाशिवाय काही नसतं. पत्र आलं की मी तेवढा भाग घडी घालून झाकते आणि हातातलं काम संपल्यावर चहाबरोबर वाचते. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, सांगायचं कारणही नव्हतं. ज्या माणसानं वीस वर्षं त्या जागी विनोद लिहिले, त्यानं जिवावरची सूचनाही तिथेच लिहावी? महत्त्वाचं ते वर लिहावं, भाऊजी. केंद्रात माझ्या हाताखालच्या मुलीनं असं केलं असतं तर तिला मी रडवलं असतं.

ता. क. वाचून मान वर केली तर पडद्यावर प्रश्न उभा : डिस्क तयार करू का? माझा अंगठा हिरव्या बटणावरच होता. कप खाली ठेवला आणि मग अंगठा उचलला.

तुमच्या पत्रात लाल बटणाबद्दल एक अक्षर नाही. लाल म्हणजे नुसतं "नको", की "सगळंच रद्द, वीट करा", हे मला माहीत नाही. अंदाजानं बटण दाबायची मला सवय नाही. म्हणून प्रश्न तसाच ठेवला आहे. रिमोटमधले सेल काढून तांदळाच्या डब्यात टाकलेत. टीव्हीवर चादर घातली आहे. तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारायचं होतं. घरातल्या गोष्टी मी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात बोलत नाही. आणि जे आता लिहिते आहे ते तर मुळीच बोलले नसते.

मी तुम्हाला दोन गोष्टी खोट्या सांगितल्या.

यांनी तुमचं नाव काढलं नव्हतं. "धाकट्याला विचार" हे वाक्य माझं आहे. यांना यातलं काहीच माहीत नाही.

आणि "काही किरकोळ" म्हणजे बझरचा कार्यक्रम. तुम्ही दोघं भाऊ जोडीनं टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत बसला होतात तोच. शेवटच्या प्रश्नापर्यंत गेलात. निवेदिका "हवेचा" एवढंच म्हणाली, बझर वाजला, तुम्ही "तापमापक" म्हणालात, आणि दोन दारांचा फ्रिज गेला. प्रश्न हवेच्या दाबाचा होता. हे म्हणतात, बझर तुम्ही दाबलात. तुम्ही म्हणालात, मी नाही. त्यावरून सहा वर्षं. महिन्यातून एकदा हे तो कार्यक्रम लावतात आणि पडद्याकडे बोट करून मला सांगतात, "बघ! धाकट्यानं दाबला!" मला नुसती धांदल दिसते. दोघांना एकाच रंगाचे कोट दिले होते.

पण हेही सांगते. हे फक्त बझर पाहत नाहीत. आधीचा अर्धा तासही पाहतात. त्यात तुम्ही दोघं एकमेकांच्या कानाला लागता, उत्तर बरोबर आलं की हे तुमच्या पाठीत थाप घालतात, आणि तुम्ही खोकता. तो भाग आला की यांचं बोट मांडीवरच राहतं. सहा वर्षांत तुम्हाला भेटायची यांची तेवढीच एक जागा आहे. ती जाऊ नये म्हणून मी हा खटाटोप मांडला.

आता विचारते. हिरवं दाबलं तर तुमच्याविरुद्धचा पुरावा कायमचा जाईल, आणि यांना मी सांगेन की चूक माझी. तुम्ही हिरवं लिहिलंत तर हिरवं दाबीन. या कामातले जाणते तुम्ही आहात, आणि तो कार्यक्रमही तुमचा आहे.

हिरवं की लाल?

तुमची वहिनी


३१ मार्च

लाल. लाल. लाल.

वर लिहिलं आहे, पहा. नमस्कार खाली.

लाल म्हणजे नुसतं "नको". वीट होत नाही. लाल दाबा, तो गपचूप सुरू होईल. मग पेनड्राइव्ह काढा. साठवलेलं सगळं जिथल्या तिथे असेल. कंपनीचं कार्ड चालू आहे तोवर एकेक कार्यक्रमावर जाऊन निळं बटण दाबा, म्हणजे त्याचं कुलूप कायमचं निघेल. मग एप्रिल संपो की जग संपो.

आता नमस्कार, वहिनी.

खोटं कशाला सांगू? तुमचं पत्र वाचून मी आधी एका कागदावर "हिरवं" लिहिलं. पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, चपला घातल्या. आणि उंबऱ्यातच उभा राहिलो. म्हटलं, हा माणूस माझ्यावर चिडायला का होईना, दर महिन्याला माझ्यासमोर येऊन बसतो. तो कार्यक्रम गेला तर त्याला चिडायलाही मी उरणार नाही. पाकीट फाडलं.

आणि बझरचं म्हणाल, तर मलाही आता खात्री देता येत नाही. दादा इतक्या ठामपणे बोलतो, की माणसाला स्वतःच्या बोटांचा भरवसा वाटेनासा होतो. बहुधा मीच दाबला असेन. असू दे. लाल.

त्यानं माझं नाव काढलं नव्हतं हे वाचलं. मग लक्षात आलं, वहिनींनी सबंध हयातीत दोनच गोष्टी खोट्या सांगितल्या, आणि दोन्ही माझ्यासाठी. हेही काही कमी नाही.

नव्या मेंदूत एक सोय जास्तीची आहे. पिवळं बटण दाबलं की चित्र थांबतं, आणि मग दर दाबण्याला एकेक चित्र पुढे सरकतं. दादाला जहाजं फुटताना बघायला बरं पडेल.

तुमचा भाऊजी

ता. क.ला यापुढे रजा. मी घाबरलो आहे.


८ एप्रिल

प्रिय भाऊजी,

काम झालं. रेकॉर्डर चालतो. सगळ्या कार्यक्रमांची कुलपं काढली. ता. क.ला रजा देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तो चालू ठेवा, फक्त त्यात विनोदच लिहा.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी हे घरी आले. व्यायामाच्या बाईंनी हात टेकले आणि ठरल्या दिवसाच्या आधीच सोडलं. वॉकर टेकत आत आले ते थेट टीव्हीपाशी. "चादर का घातली आहे? वारला का?" म्हणत चादर ओढली. मी म्हटलं, "हात लावू नका, त्यानं विचारलंय की..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचा हात रेकॉर्डरच्या तोंडावरच्या कळीपाशी! नवा गुडघा, हातात वॉकर, तरी माणूस विजेसारखा. मी मनगट धरलं म्हणून वाचलं. मनगट धरलेलं असतानाच माझ्या मनात काहीतरी आलं, पण तेव्हा मी ते बोलले नाही.

मग सगळं सांगावंच लागलं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पाकीट फाडल्याचा भाग दुसऱ्यांदा वाचायला लावला.

"लाल म्हणाला?"

"तीनदा म्हणाले."

"त्यात तोच उघडा पडतो हे माहीत असून?"

"माहीत असून."

हे बराच वेळ नव्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. मग सेल मागितले. मी तांदूळ झटकून दिले. म्हणाले, "एकेक चित्र दिसतं ना आता? मग आज तुला दाखवतोच. सहा वर्षं म्हणतेस, धांदल दिसते, धांदल दिसते. लाव चष्मा." मी चष्मा लावला. यांनी कार्यक्रम लावला. निवेदिका "हवेचा" म्हणाली, आणि यांनी पिवळं बटण दाबलं.

पुढे काय दिसलं ते मी लिहिणार नाही. यांनी कागद मागितला आहे आणि दार लावून घेतलं आहे. आतापर्यंत तीन कागद फाडल्याचा आवाज आला.

तुमची वहिनी


९ एप्रिल

धाकट्या,

ता. क. तुझ्या वहिनीचा हुकूम आहे की महत्त्वाचं ते वर लिहावं, म्हणून ता. क. वर घेतला आहे : ये.

आता तक्रार. तू पाठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे. बझरचा प्रसंग मी एकेक चित्र करून पाहिला. एका चित्रात टेबल, त्यावर बझर, आणि त्यामागे तू. तुझ्या हातांची घडी घातलेली आहे. पुढच्या चित्रातही घडीच आहे. त्याच्या पुढच्या चित्रात बाजूनं एक हात येतो. मनगटावर घड्याळ आहे आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली आहे. घड्याळ असं घालणारा माणूस त्या कार्यक्रमात एकच होता, आणि त्यानं ते आत्ताही तसंच घातलेलं आहे.

तुझ्या वहिनीनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चित्र सहा वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. तेव्हा दोष नव्यातच असला पाहिजे. हे पत्रानं निस्तरणारं काम नाही. तुला स्वतः येऊन यंत्रापुढे बसून तपासावं लागेल. मी शेजारी बसेन. कितीही दिवस लागले तरी हरकत नाही. घाईघाईनं बटणं दाबू नयेत, असं अलीकडे माझं मत झालं आहे.

तुझ्या डाव्या कानाचं मला कळलं. मी तुझ्या उजवीकडे बसेन.

"तापमापक" हे उत्तर मात्र तुझंच. तिथे सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही.

दादा